अणचीचे पाय

तुमचा कधी स्वतःच्या बायकोच्या पायांवर जळफळाट झालाय? रूपावर नाही, माहेरावर नाही, हाताच्या चवीवर नाही, पायांवर. टाचांना भेगा, घोट्यांवर चांदीच्या कड्यांनी पडलेले काळे वळ, असे साधे दोन पाय. नसेल झाला तर हसायची घाई करू नका. जाळासरच्या वगताराम रायकाचा झाला होता, आणि तो काही कोत्या मनाचा माणूस नव्हता. निदान त्या पौषापर्यंत तरी नव्हता.

वगताराम उंटवाल्यांच्या घरातला. आमच्याकडे उंट दावणीला बांधत नाहीत. ते ओरणात मोकळे चरतात. ओरण म्हणजे जाळराय मातेच्या नावानं सोडलेलं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. धनी दिवसाआड पायी निघतो, वाळूतले ठसे बघत आपली जनावरं शोधतो, त्यांना डोळे भरून बघतो आणि परत येतो. ज्यांना हा रिकामटेकडेपणा वाटतो त्यांनी वैशाखात एकदा करून दाखवावा. वगताराम मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच करत आला. खांद्याला पाण्याची छागळ, फडक्यात बाजरीचा रोटला, आणि दिवसभर पायांखाली रान. या चालण्याचा त्याला गर्व होता आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही. जीपमधून कुणी उतरताना दिसलं की म्हणायचा, "आला बघा, बसून बसून दमलेला."

पण त्या गर्वाचं खरं घर म्हणजे कार, देवीच्या रानाभोवतीची दुधाची फेरी. कार्तिकातल्या चौदसीला सगळ्या घरांतून दूध गोळा होतं, रजपुतांचं, मेघवाळांचं, आमचं. त्यात गंगाजळ मिसळतात, तळाला भोक पाडलेल्या घड्यात ते भरतात, आणि त्याची धार सोडत ओरणाची हद्द चालतात. धार तुटता कामा नये. म्हणून मागून येणाऱ्या सगळ्यांनी नजर त्या ओल्या रेघेवरच ठेवायची. मान वर करून वाट बघायचा हक्क एकट्या पुढच्या माणसाला. रेघेच्या आतलं ते देवीचं, बाहेरचं ते माणसांचं. कितीतरी वर्षं पुढे वगताराम असायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. कुठे वळायचं ते बापानं मुलाला तोंडी दिलेलं. नव्या वाटाड्यानं जुन्याला वळणं विचारायची असतात. मिळालेल्या उत्तरावर उलटा प्रश्न करायचा नसतो.

मग तो पौष आला. मस्तीला आलेल्या एका नर उंटानं, तोंडातून फेस आणि लाल फुगा काढत, वगतारामला खाली पाडलं आणि त्याच्या अंगावर बसला. माणूस वाचला हेच नवल. शहरातल्या दवाखान्यात हाडं सांधली गेली, पण उजवा पाय लाकडासारखा ताठ होऊन घरी आला. मुलगा केसा पुण्यात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. तो आला, उशाशी बसला, मालकाचे फोन यायला लागले तसा गेला. राहता राहिला प्रश्न उंटांचा. बघायला जाणार कोण?

अणची गेली.

मुलीमागून मुली झाल्या म्हणून वैतागलेल्या बापानं 'नको होती' अशा अर्थाचं हे नाव तिला ठेवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं रान म्हणजे ढाणीच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, काटेरी कुंपणापासून बेरीच्या अरुंद विहिरीपर्यंत. घडे, शेळ्या, चूल, नवऱ्याची वाट बघणं. त्या फाल्गुनी सकाळी तिनं छागळ खांद्याला लावली तेव्हा वगतारामनं खाटेवरून तिला अर्धा तास शिकवणी दिली, ऊन पाठीवर ठेव, वाळूच्या धोऱ्याच्या चढाला तिरकं जा, तांबड्या सांडणीचा डावा पाय बाहेर पडतो. मनात त्यानं पक्कं धरलं होतं की ही दुपारीच घाबरून परत येणार.

ती दिवस कलताना आली. उंट बघून आली होती, सगळेच्या सगळे. पण ते तिनं नंतर सांगितलं. आधी सांगितलं ते रोहिड्याच्या झाडाचं. कणीक मळता मळता म्हणाली, पानं कमी नि फुलंच जास्त, आगीसारखी, दुरून मला वाटलं कुणी होळी आधीच पेटवली. मग सांगितलं लोंकडीच्या, वाळूतल्या कोल्हीच्या, पिल्लांचं, बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या शेपट्या ओढत होती म्हणे.

"मला कसलं सांगतेस," वगताराम म्हणाला. "त्या बिळातली त्यांची आजी मला ओळखायची."

अणची हसली. तिला तो विनोद वाटला.

चैत्र चढला तशी कुरजा पक्ष्यांची परतीची वेळ आली. हे मोठे करडे पक्षी थंडीभर आमचे पाहुणे. जायच्या दिवशी ते आभाळात चक्रं घेत वर वर चढतात आणि मग एकदम रांग धरतात. दरवर्षी वगताराम धोऱ्याच्या माथ्यावर उभा राहून त्यांना निरोप द्यायचा. या वर्षी त्यानं खाटेवरून नुसता आवाज ऐकला. झोपड्याच्या आडोशामुळे आभाळाची चिंधीच दिसायची. संध्याकाळी अणची म्हणाली, आज मी माथ्यावर होते. एवढंच बोलली. त्या रात्री त्यानं ताकात शिजवलेल्या बाजरीच्या राबेला तोंड लावलं नाही, म्हणाला, आंबलीय.

वैशाखात तिनं केराच्या काटेरी झुडपाची फळं तोडून आणली, खारवली, वाळवली. जाळीच्या झाडांना पिलूचे रसाळ दाणे लागले तेव्हा ओढणीच्या पदरात बांधून आणले. तिचे ओठ त्या रसानं रंगलेले. झाडाखाली उभं राहून खाल्ल्याशिवाय ओठ असे रंगत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. "आंबट आहेत," म्हणून त्यानं पदर परत केला. ती पाण्याला गेल्यावर सगळे खाल्ले.

घरात उलटंपालटं झालं होतं. ती रानात, म्हणून चुलीपाशी तो. बसून बसून काय करणार, रोटला थापायला शिकला. पहिले काही महिने त्या रोटल्यांना कुत्र्यानंही माफ केलं नाही. शेजारचा भलाराम, ज्याच्या जिभेला हाड नाही, कुंपणापाशी थांबून हमखास विचारायचा, "वगता-बा, आज भाजीत मीठ बरोबर पडलं का?" आणि वगताराम म्हणायचा, ये की चाखायला, तुझ्या बायकोनं तुला काल उपाशी ठेवलं असं ऐकलं. तोंडानं तो कधी हरला नाही. आतून मात्र रोज जळत होता, आणि जळण संपत नव्हतं. ती रानातून आली की तो तिच्या ओढणीला येणारा वास घ्यायचा, तापलेल्या वाळूचा आणि फोगाच्या झुडपाचा. कुंपणाच्या फाटकात पडलेला तिच्या पायाचा ठसा बघायचा. टाच कमी रुतलेली, बोटं खोल. म्हणजे बाई घाईत निघाली होती. घरातून बाहेर पडायची तिला घाई होती!

जेठात आंधी सुरू झाली. आभाळ आणि जमीन एक, दाराच्या फटीतून वाळू, पिठात वाळू, दातांत वाळू. सगळं गाव देवीला हात जोडत होतं. एकटा वगताराम खूश होता. कारण आता तीही घरात. त्या कोंडलेल्या दिवसांत दोघांचं फार गूळपीठ जमलं. तो टकळीवर उंटाच्या लोकरीचा धागा काढायचा आणि जुन्या चालण्याच्या गोष्टी सांगायचा, ती गोधडीला टाके घालत ऐकायची, मध्येच एखादा असा प्रश्न विचारायची की त्याला दुप्पट सांगावंसं वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात ते एवढं कधी बोलले नव्हते. त्याला वाटलं, अशीच चालू राहावी आंधी. मग एका सकाळी वारा पडला. तिनं दाराशी साठलेली वाळू लोटली, आणि खाटेवरून त्याला दिसलं की तिनं आधी पाय बाहेर टाकला आणि मग डोकं.

ती दुपारी सांगत आली की रान ओळखू येत नाही. पश्चिमेचा मोठा धोरा सरकलाय. तिकडच्या कोपऱ्यावर त्रिशूळ कोरलेला हद्दीचा दगड होता ना, तो कुठे दिसतच नाही. तो "हूं" म्हणाला.

पश्चिमेचा हा कोपरा म्हणजे खडीचं सपाट रान, आम्ही त्याला मगरा म्हणतो. नजरेला तिथे काही नाही. उंटिणी मात्र व्यायला तिथेच जातात आणि गोडावण, तुम्ही ज्याला माळढोक म्हणता तो पक्षी, अंडं घालायला तिथेच येतो. सरकारी कागदात या जागेचं नाव पडीक असं आहे. ज्यानं ते लिहिलं त्याची आई तिथे बाळंत झाली नसणार, एवढंच म्हणतो.

श्रावणात पाऊस झाला. सेवण गवत गुडघ्याला लागलं, बेडूक कुठून आले देव जाणे. आणि एके दिवशी अणची घरी आली ती बोलेचना. वगतारामनं दोनदा विचारलं. मग ती अंगणात उभी राहिली, ओढणी दोन्ही हातांनी गळ्यापुढे फुगवली, मान मागे टाकली, छातीतून खोल, घुमणारा आवाज काढला आणि पावलं मोजत फिरली. तिच्या वयाला ते शोभत नव्हतं आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

"नाचत होता," ती म्हणाली. "मगऱ्यावर. मी फोगाच्या आड पोटावर पडून बघितला. गळ्याची पांढरी पिशवी जमिनीला टेकत होती, केसाचे बापू, अगदी जमिनीला."

वगतारामनं सगळ्या जन्मात गोडावणाचा नाच एकदा पाहिला होता. तोही इतक्या दुरून की बरोबरचा माणूस म्हणाला होता, शेळी आहे.

"तिलोर असेल, त्याचा बारका भाऊबंद," तो म्हणाला. "तुला काय कळतं त्यातलं."

अणचीनं ओढणी सोडली. भांडली नाही. त्या दिवसापासून तिनं सांगणं बंद केलं. उंट ठीक आहेत, एवढं एकच वाक्य आणायची. आणि मग वगतारामला कळलं की ऐकताना होत होता तो जळफळाट परवडला; हा न ऐकण्याचा त्याहून वाईट. ती शेळीचं दूध काढताना मध्येच स्वतःशी हसायची. कशाला हसली? काय पाहून आली? विचारायचं तर नाक कापून हातात द्यायला लागणार.

त्यात लोक. पूर्वी कुणाची सांडणी हरवली की माणूस वगतारामच्या खाटेशी यायचा. आता खाटेला वळसा घालून चुलीकडे बघत विचारायचे, "काकी, आमची काळी कुठे दिसली का हो?" आणि काकी सांगायची, परवा दक्षिणेच्या तळ्याशी होती. वगतारामला मधे बोलायला जागाच नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक त्यानं पुष्कळ पाहिले होते. आता तो खाटेवरून उंट हाकायला निघाला होता आणि उंट त्याचं ऐकत नव्हते.

पाऊस सरला तशी उन्हाची वीज करणाऱ्या कंपनीची माणसं आली. पलीकडच्या दोन गावांची रानं काचांच्या तावदानांखाली गेलीच होती, आता आमच्याकडे. देवीचा पुजारी खंगारसिंह, वयानं नि मानानं गावात सर्वांत वरचा, त्यांच्यापुढे उभा राहिला. ओरण कुणाचं याचा कोर्टात दावा चालू आहे, म्हणाला. पुष्कळ वादावादीनंतर ठरलं ते असं: दाव्याचा निकाल लागेपर्यंत कंपनीनं ओरणाला हात लावायचा नाही, आणि ओरण कुठवर ते यंदाची कार दाखवेल. रेघेच्या आत आमचं. बाहेर काय करायचं ते त्यांनी करावं. शिकलेल्या माणसाला दुधाच्या रेघेवर राजी केलं म्हणून गावानं खंगारसिंहाची पाठ थोपटली.

मग खंगारसिंह वगतारामकडे आला. खाटेच्या कडेला बसला, चहा घेतला, पायाची चौकशी केली, आणि म्हणाला की यंदा पुढे अणचीला घालावं असं वाटतं. बाई कारेला कधी चालली नाही हे खरं, पण जिचे पाय रोज ते रान तुडवतात तिच्याखेरीज दुसरं कोण आहे? पोरं तर सगळी सुरत-पुण्याला. वगतारामनं काय म्हणावं? तो म्हणाला, माझी कसली हरकत. म्हणताना त्यानं टकळी इतक्या जोरात फिरवली की धागा तुटला.

त्याला काय हवं होतं ते सांगून टाकतो. त्याला हवं होतं की कुणीतरी म्हणावं, वगताराम, तुला उंटावर बसवून पुढे नेतो, तुझ्याशिवाय कार कशी होईल. कुणी म्हणालं नाही.

चौदसीच्या आदल्या संध्याकाळी अणची रीतीप्रमाणे त्याच्यासमोर बसली. डोक्यावर पदर, पायाशी हात. एकेक वळण विचारत गेली, तो सांगत गेला. उत्तरेचं खेजडीचं झाड, तळ्याची पाळ, जुन्या पाळियाचा, म्हणजे वीरगळाचा, दगड. सगळं खरं सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि पश्चिमेला? दगड तर धोऱ्याखाली गेलाय."

दगड कुठे आहे ते वगतारामला डोळे मिटून सांगता आलं असतं. मगऱ्याच्या पार पलीकडल्या कडेला, जाळीची दोन झाडं, जोड-जाळी, एकीमागे एक दडतात त्या रेषेत. बापानं त्याला तिथे उभं करून दाखवलं होतं. त्यानं अणचीच्या पायांकडे बघितलं. उद्या हे पाय पुढे असणार आणि सगळं गाव मागे.

"मगऱ्याच्या अलीकडे एकटा केर आहे," तो म्हणाला. "तिथे वळ."

अणचीनं वर बघितलं. रोज त्या बाजूला जाणारी बाई. तिला खटकलं असणार. क्षणभर ओठ हलले. पण उलटा प्रश्न करायचा नसतो. तिनं त्याच्या पायांना हात लावला आणि उठली.

त्यानं ओरणाचा तुकडा कंपनीला द्यायचा म्हणून हे केलं नव्हतं, हे लक्षात घ्या. त्याचा हिशोब साधा होता. केरापाशी आल्यावर ती अडखळेल, कुणीतरी म्हातारा म्हणेल की हे बरोबर वाटत नाही, धार तिथेच धरून ठेवतील आणि उंट पाठवतील वगतारामला आणायला. म्हणून चौदसीला सकाळीच त्यानं दाढी केली, लाल पगडी नवी बांधली, काठी जवळ घेतली आणि फाटकाशी खाट ओढून बसला. दुपार झाली. सावली या बाजूची त्या बाजूला गेली. उंट आला नाही. दिवस मावळताना देवळाकडून ढोलाचा आवाज आला. कार पुरी झाली होती. त्याच्याशिवाय. सगळ्यांच्या नजरा रेघेवर होत्या, मान वर करून बघायचा हक्क एकटीला होता, आणि ती त्याच्या शब्दावर वळली होती.

तिसऱ्या दिवशी मगऱ्यावर लाल फडकी बांधलेल्या खुंट्या उभ्या राहिल्या. कंपनीचा माणूस काही खोटं बोलत नव्हता. चौदसीला तो फोन धरून रेघेच्या मागोमाग फिरला होता. तुमचीच रेघ, म्हणाला, तुमचंच दूध.

देवळापुढे गाव जमलं. वगतारामला उंटगाड्यावरून आणलं. आता म्हाताऱ्यांना आठवायला लागलं की मगरा तर नेहमी आत असायचा. भलारामची जीभ सुटली. बाईला पुढे घातलंत, आता भोगा; उंटांच्या मागे फिरणं वेगळं आणि देवीच्या पुढे चालणं वेगळं. दोघातिघांनी री ओढली. बायकांच्या घोळक्यात अणची पदर ओढून बसली होती. वगतारामनं तयारी ठेवली होती. ती म्हणणार, मला ह्यांनी सांगितलं. मग तो म्हणणार, मी बरोबर सांगितलं, तिनं चूक ऐकलं. कोण कुणाचं खरं मानतं ते बघू.

खंगारसिंहानं तिला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "वळण माझ्या पायांनी घेतलं. दोष पायांचा."

त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वगतारामच्या अंगाची आग आग झाली. रान तिचं, रोहिडा तिचा, नाच तिनं पाहायचा, कारेला पुढे ती, आणि आता हा मोठेपणाही तिनंच घ्यायचा? सगळ्या वर्षात त्यानं स्वतःच्या हातानं केलेली एकच गोष्ट होती. ती एक चूक होती, मोठी, गावाच्या मुळावर येणारी. पण त्याची होती. तीसुद्धा तिच्या नावावर लागणार?

"थांबा," तो म्हणाला. काठीवर जोर देऊन उभा राहिला. "दोष तिचा नाही. माझा आहे."

भलाराम म्हणाला, "बा, तुम्ही तर घरात बसला होतात."

"घरात बसून केला. तुला जमणार नाही." मग खंगारसिंहाकडे वळून म्हणाला, "दगड कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मी तिला मुद्दाम अलीकडचा केर सांगितला."

"का?" खंगारसिंहानं विचारलं.

वगतारामला पुष्कळ कारणं सुचली असती. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं: "ती चालते म्हणून."

कुणी हसलं नाही. भलारामसुद्धा नाही. खंगारसिंह म्हणाला की ज्याच्या जिभेनं रेघ वाकवली, त्याच्याच पायांनी ती सरळ व्हायची. उंट चालणार नाही, गाडा चालणार नाही, खांदाही चालणार नाही. केरापासून दगडापर्यंत आणि पुढे जुन्या रेघेला मिळेपर्यंत. लंगड्याला एवढी शिक्षा का, असं कुणीतरी कुजबुजलं. मला विचाराल तर शिक्षा ऐकताना वगतारामचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच केरापासून सुरुवात केली. तो पुढे, मागे घडा घेतलेली अणची, तिच्या मागे गाव. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. दूध फार सांडू नये म्हणून अणचीला भोकावर बोट धरावं लागत होतं, थेंब थेंब सोडत. तिचे ते पाय, वाऱ्यासारखे, त्याच्या चालीत कोंडले गेले होते, आणि खरं सांगायचं तर त्यातही त्याला थोडं बरं वाटलं. धोऱ्याच्या उतारावर तो पडला. कुणी हात पुढे केला तर त्यानं असे डोळे वटारले की हात मागे गेला. मग हातांवर नि एका गुडघ्यावर वर चढला, पगडी सुटून गळ्यात आली, तोंडात वाळू गेली. माथ्यावर पोचल्यावर त्यानं त्या जोड-जाळी शोधल्या, एकीमागे दुसरी दडेपर्यंत बाजूबाजूला सरकला, काठी वाळूत रोवली आणि म्हणाला, इथे उकरा. पोरांनी, म्हाताऱ्यांनी, बायकांनी हातांनी वाळू उपसली. दगडाचं टोक लागलं तेव्हा तो तिथेच बसला आणि लहान मुलासारखा त्यावर हात फिरवत राहिला.

पुढे मगऱ्याच्या काठाकाठानं जाताना तो एकदा मध्येच थांबला. मागचे सगळे थांबले. नजर दुधावर, मान खाली. खडीवर, दगडफेकीच्या अंतरावर, गोडावणाची मादी उभी होती आणि तिच्या पोटाशी अर्धवट वाढलेलं पिल्लू. तिनं मान उंच करून त्याच्याकडे बघितलं. "बघा" म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण कारेत मागच्यांनी वर बघायचं नसतं. आणि रीत मोडायला तो काय भलाराम होता? त्यानं तोंड मिटलं. ती दोघं सावकाश चालत गवतात गेली. साऱ्या गावात ती एकट्यानं पाहिली, वगतारामनं.

घरी परतल्यावर अणचीनं त्याच्या पायाला तेल चोळता चोळता विचारलं, मगऱ्यावर का थांबला होतात? काटा रुतला, तो म्हणाला. ती हूं म्हणाली. रेघेवर नजर ठेवून चालताना खडीच्या कडेच्या मऊ मातीत दोन ताजे ठसे, एक मोठा नि एक लहान, तिला दिसले होते; ते तिनं मला मागाहून सांगितलं. त्याला तिनंही सांगितलं नाही.

खुंट्या अजून तिथेच आहेत. कंपनी म्हणते ठरलं होतं ते पहिल्या रेघेवर, तुम्ही काय रोज दूध ओताल. आम्ही म्हणतो चुकीची रेघ ज्यानं ओढायला लावली त्यानंच ती मोडली, आता ही खरी. कोर्टाला दुधातलं काही कळत नाही. तोवर गावातली माणसं पाळीपाळीनं त्या दगडापाशी बसतात, आणि वगताराम पाळी न लावता बसतो. त्यानं खाटच तिकडे नेऊन टाकली आहे. थंडी आहे, उंटिणी व्यायला लागल्या आहेत, कुरजा डोक्यावरून जातात, त्याला आता सगळं आभाळ दिसतं. अणची रोटला आणून देते आणि तिथूनच पुढे निघते. ती धोऱ्याआड जाईपर्यंत तो तिच्या पायांकडे बघत राहतो, आणि ते बघणं अजूनही प्रेमाचं नाही, मी ओळखतो.

म्हणून सांगतो, या. आमच्या बाजूनं चार माणसं उभी राहिलेली कागदवाल्यांना दिसू द्या. जोडे रेघेबाहेर काढून या. खाटेवरच्या त्या म्हाताऱ्यापुढे अणचीचं कौतुक करू नका. त्याला म्हणा, बा, हद्द कुठून जाते ते चालून दाखवा. तो उठेल. वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा, आणि काही झालं तरी त्याला हात देऊ नका.